लक्षण आणि पात्रता : ‘दुष्काळ’ व ‘शेतकरी’ या शब्दांच्या अर्थनिश्चितीविषयी

१

साहित्यसमीक्षेत एखाद्या संज्ञेविषयी मतभेद निर्माण झाला की तिची काटेकोर व्याख्या करावी, अशी मागणी पुढे येते. ‘ग्रामीण साहित्य’, ‘दलित साहित्य’, ‘देशी’ या संज्ञांभोवती मराठीत झालेल्या वादांचा मोठा भाग अशा मागण्यांनी आणि त्यांना दिलेल्या उत्तरांनी व्यापलेला आहे. शब्दाचा अर्थ व्याख्येने ठरतो आणि व्याख्या सदोष असेल तर अर्थही संदिग्ध राहतो, हे गृहीत या मागणीच्या मुळाशी असते. ते तपासून पाहणे आवश्यक आहे. व्याख्या या एकाच नावाखाली भाषेत निदान दोन भिन्न क्रिया चालतात आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे समीक्षेतील अनेक वाद निष्फळ ठरले आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी घेतलेली उदाहरणे हेतुतः साहित्यशास्त्राबाहेरची, शेती आणि महसूल यांच्या व्यवहारातली आहेत. तेथे व्याख्येचे परिणाम माणसांच्या जगण्यावर होत असल्याने या दोन क्रियांमधील भेद अधिक स्पष्टपणे दिसतो.

अमुक शब्दापासून अमुक अर्थाचा बोध व्हावा, या इच्छेला नैयायिकांनी संकेत म्हटले. हा संकेत त्यांनी दोन प्रकारचा मानला. ज्याचा आरंभ कोणालाच दाखवता येत नाही तो आजानिक. कोणीतरी, केव्हातरी, विशिष्ट प्रयोजनासाठी केलेला तो आधुनिक. पहिल्याला शक्ती म्हणतात, दुसऱ्याला परिभाषा. पाणिनीच्या व्याकरणातील ‘नदी’ ही संज्ञा दुसऱ्या प्रकारची आहे. विशिष्ट स्त्रीलिंगी शब्दांना ती लावलेली आहे. वाहत्या पाण्याशी तिचा संबंध नाही आणि कोणी तो शोधतही नाही.

शक्तीचे ज्ञान होण्याची आठ साधने परंपरेने सांगितली आहेत : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि सिद्धपदाचे सान्निध्य. यांत कोशाला एकच स्थान आहे आणि प्राधान्य व्यवहाराला आहे. एका वडीलधाऱ्याने दुसऱ्याला गाय आणावयास सांगितले, मग गाय बांधून घोडा आणावयास सांगितले. हे पाहत असलेले मूल शब्दांची अदलाबदल आणि कृतींची अदलाबदल यांचा मेळ घालून अर्थ शिकते. विटगेनश्टाइनच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तरकालीन ग्रंथामुळे अर्थ हा वापरात असतो हा विचार आधुनिक समीक्षकांना परिचित झाला. वृद्धव्यवहाराची कल्पना त्याच्याशी जुळणारी असली, तरी लक्षणाचा विचार जोडल्याशिवाय तिचे पूर्ण महत्त्व ध्यानात येत नाही.

लक्षण म्हणजे वस्तूचा असाधारण धर्म. त्याचे तीन दोष प्रसिद्ध आहेत. गाईचे लक्षण ‘कपिल वर्ण असणे’ असे केले तर पांढऱ्या गाई वगळल्या जातात, ही अव्याप्ती. ‘शिंगे असणे’ असे केले तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. ‘एकसंध खूर असणे’ असे केले तर ते एकाही गाईला लागू पडत नाही, हा असंभव. मात्र हे दोष कळतात कसे? पांढरी गाय ही गाय आहे हे आधीच माहीत असल्याखेरीज ती वगळली गेल्याची तक्रार करता येत नाही. लक्षण तपासण्याची कसोटी लक्षणाच्या बाहेर, व्यवहारात असते. परिभाषेचे तसे नाही. ती आपला विषय स्वतःच निर्माण करते. म्हणून तिला अव्याप्तीचा दोष लागू शकत नाही. पाणिनीची ‘नदी’ गोदावरीला वगळते, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो हास्यास्पद ठरेल.

खरी अडचण उद्भवते ती परिभाषा व्यवहारातलाच शब्द उचलते, त्या शब्दाचे वजन वापरते आणि अव्याप्तीचा आक्षेप आला की आपण परिभाषा असल्याचे सांगते तेव्हा. अशा व्याख्येला या लेखात ‘पात्रतेची व्याख्या’ म्हटले आहे.

२

शब्द वरून लादले गेले तरी ते रुजतात की नाही हे व्यवहारच ठरवतो, हे पाहण्यासाठी नागपूर जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील सावनेर तालुका उपयुक्त आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत सावनेर आणि पलीकडचे सौंसर हे दोन्ही भाग नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. कापूस आणि संत्रा ही पिके दोन्हीकडे, मराठीही दोन्हीकडे. पुनर्रचनेनंतर सौंसर मध्य प्रदेशात राहिले, सावनेर प्रथम द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आले आणि एकाच बोलीच्या प्रदेशावर दोन शासकीय परिभाषा लागू झाल्या. पलीकडे पटवारी आणि खसरा कायम राहिले. अलीकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या अंमलाबरोबर तलाठी आणि सातबारा हे शब्द अधिकृत झाले.

या दोन शब्दांची पुढची वाटचाल सारखी नाही. सातबारा बोलीत पूर्णपणे मुरला. तलाठी मात्र प्रामुख्याने कागदावर राहिला. विदर्भातल्या गावकऱ्याच्या तोंडी अजूनही ‘पटवारी’ आहे आणि या कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नावही ‘विदर्भ पटवारी संघ’ असेच आहे. तलाठी ज्या जागी यावयाचा ती जागा बोलीत रिकामी नव्हती, एवढेच याचे कारण. त्याच पदाला अलीकडे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे आणखी एक नाव मिळाले आहे. ते बोलीपर्यंत पोहोचेल की नाही, हे नाव देणाऱ्यांच्या हाती नाही.

सातबाऱ्याची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेखाचा आणि गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा. कागदांचे हे दोन अनुक्रमांक जोडून एक नाम तयार झाले. या शब्दाच्या अवयवांतून त्याचा अर्थ काढता येत नाही, म्हणून तो निव्वळ रूढ शब्द आहे. कोणत्याही परिभाषा समितीने तो घडवलेला नाही. पुढे त्याला लक्ष्यार्थही प्राप्त झाले. एखाद्या गोष्टीवर हक्क सांगणाऱ्याला ‘सातबारा तुझ्या नावावर आहे काय?’ असे विचारले जाते, तेव्हा जमिनीचा प्रश्न नसतो. ‘सातबारा कोरा करा’ ही मागणी केली जाते, तेव्हा उतारा कोरा असावा असे कोणालाच म्हणावयाचे नसते. त्यावरील कर्जाचा बोजा जावा, असे म्हणावयाचे असते. शासनाने नमुना तयार केला, शब्द लोकांनी तयार केला.

याच परिसरातल्या संत्र्याच्या बागेतील ‘ताण’ हा शब्द वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी मे महिन्यात झाडाचे पाणी हेतुतः तोडतात. झाडाची वाढ थांबते, ते विसावते आणि पुढे पाणी मिळताच फुलावर येते. ताण किती दिवसांचा, हे जमिनीच्या मगदुरावर अवलंबून असते : हलक्या जमिनीत कमी, भारी जमिनीत अधिक. तो पुरेसा झाल्याची खूण म्हणजे पाने मलूल होणे आणि त्यांतली काही गळणे. त्यापुढे पाणी लांबले तर बाग वाळते. बागाईतदाराला ‘ताण’ या शब्दाची व्याख्या विचारली तर तो बहुधा खुणा सांगेल. मराठी बोलीत ‘लक्षण’ या शब्दाचा अर्थ खूण असाच आहे. ‘लक्षण काही ठीक दिसत नाही’ असे म्हणताना तोच अभिप्रेत असतो. शास्त्रातले लक्षण आणि बोलीतले लक्षण हे येथे एकमेकांजवळ येतात. वस्तू आधी असते, तिच्याशी व्यवहार असतो आणि त्या व्यवहारातून तिची ओळख पटवणारी खूण निश्चित होते. खूण चुकली तर झाड ते दाखवून देते. लक्षणाची व्याख्या चुकू शकते, यातच तिचे सामर्थ्य आहे.

३

पाणी हेतुतः तोडले तर ताण. पाणी आलेच नाही तर काय? या अवस्थेसाठी मराठीने तीन शब्द जवळ बाळगले आहेत आणि त्यांपैकी कोणताही दुसऱ्याचा पर्याय नाही. ‘अवर्षण’ आकाशाविषयी बोलतो. ‘दुष्काळ’ काळाविषयी बोलतो. सबंध काळच वाईट झाला, असा त्याचा अवयवार्थ आहे. ‘दुर्भिक्ष’ समाजाविषयी बोलतो. जेथे भिक्षा मिळणेही दुर्घट होते ते दुर्भिक्ष. या तिसऱ्या शब्दात एक मार्मिक लक्षण दडलेले आहे : संकटाची खूण पावसाच्या मापात नसून देणाऱ्याचा हात आखडण्यात आहे.

शासनव्यवहाराने यात चौथा शब्द आणला, ‘टंचाई’. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश अंमलात प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि ‘फॅमिन’ ही कायद्यातली संज्ञा बनली. महाराष्ट्र राज्याने १९६३ मध्ये एक अधिनियम करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून हा शब्दच वगळला आणि त्याच्या जागी ‘स्केअर्सिटी’ हा शब्द घातला. शेतीच्या स्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत पोहोचवली जाते, तेव्हा दुष्काळाला आता वाव उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. इंग्रजीत ‘फॅमिन’ आणि ‘ड्रॉट’ असे दोन शब्द आहेत. मराठीत दोहोंसाठी ‘दुष्काळ’ चालतो. परिणामी इंग्रजी कायद्यातला एक शब्द गेला तेव्हा मराठी कारभारातले ‘दुष्काळ’ या शब्दाचे आसनही डळमळीत झाले आणि ‘टंचाई आराखडा’, ‘टंचाईग्रस्त गाव’ अशी पदे प्रचारात आली.

या दोन शब्दांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. टंचाईला षष्ठीची अपेक्षा असते : पाण्याची टंचाई, चाऱ्याची टंचाई, धान्याची टंचाई. कशाची, हा प्रश्न तिला विचारावाच लागतो आणि उत्तर मिळाले की एकेका वस्तूचा पुरवठा हा उपाय ठरतो. दुष्काळाला ही अपेक्षा सहसा नसते. जो ‘पडतो’ तो सगळ्यांवर आणि सगळ्याच बाजूंनी. टंचाई हा शब्द एका अखंड अनुभवाचे तुकडे करतो. कारभाराला ते सोयीचे असते, कित्येकदा आवश्यकही असते. पण अर्थ तोच राहिला असे म्हणता येत नाही.

अधिनियमानंतर अवघ्या नऊ वर्षांनी १९७२ साल आले. कायद्याच्या भाषेत तेव्हा टंचाई होती. लोकांच्या भाषेत तो ‘बहात्तरचा दुष्काळ’ झाला आणि आजही त्याला दुसरे नाव नाही. त्या वर्षाने ‘मिलो’ आणि ‘सुकडी’ हे शब्द घरोघर नेले, ‘खडी फोडायला जाणे’ या पदाला नवा अर्थ दिला आणि एका पिढीचे कालगणनेचे साधनही त्याच दुष्काळाने पुरवले : अमक्याचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. अधिनियमाने कायद्यातला शब्द काढला, व्यवहारातला त्याला काढता आला नाही.

क्रियापदाचा भेद याहून सूक्ष्म आहे. लोकव्यवहारात दुष्काळ ‘पडतो’. कारभारात तो ‘जाहीर होतो’. ऑस्टिनने ज्यांना कृतिवाचक उच्चार म्हटले त्यांतला हा प्रकार आहे : उच्चारणे हेच करणे. जाहीर होईपर्यंत महसुलातील सूट, वसुलीची स्थगिती, परीक्षा शुल्काची माफी यांच्या दृष्टीने दुष्काळ अस्तित्वातच नसतो. तो केव्हा जाहीर करावयाचा, यासाठी पूर्वी पिकाची पैसेवारी पाहत. ती ५० पैशांच्या खाली गेली की टंचाई. दशमान नाणी १९५७ मध्ये आली तरी बोलीत तिचे नाव ‘आणेवारी’ राहिले, हेही व्यवहाराच्या चिवटपणाचेच उदाहरण. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, पेरणी, जमिनीतील ओलावा, वनस्पतींची स्थिती, जलसाठे अशा निर्देशांकांची उतरंड आणली आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात १५१ तालुके त्या पद्धतीने दुष्काळी ठरले.

या प्रवासात ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ हे पद अवतरले. काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला त्याची रचना तत्काळ ओळखू यावी. ‘सदृश’ हा उपमेचा वाचक शब्द आहे आणि उपमेत साधर्म्याइतकाच भेदही गृहीत असतो. मुख चंद्रासारखे म्हणणारा मुख म्हणजे चंद्र नव्हे, हेही सांगत असतो. दुष्काळासारखे म्हणणे म्हणजे दुष्काळ नव्हे असे म्हणणे. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात उपस्थित झाल्यावर शासनाने २०१६ च्या मे महिन्यात खुलासा केला : ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असे जेथे लिहिले आहे तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे. सुमारे २९ हजार गावांच्या बाबतीत एक वाचक शब्द गळला. जमीन, पाऊस, विहिरी यांत त्या दिवशी काहीही बदलले नव्हते.

४

‘शेतकरी’ या शब्दाची कथा याहून गंभीर आहे. वारकरी, कामकरी, गावकरी यांच्या जातीचा हा शब्द. ‘करी’ या प्रत्ययाला सर्वत्र कर्त्याचा अर्थ नसला, तरी शेतकरी आणि कामकरी यांत तो उघड आहे. शेत करतो तो शेतकरी. विदर्भात ‘शेती करणे’ या क्रियेत मक्त्याने घेतलेली शेती येते, बटईची येते. घरची शेती असूनही सालदार म्हणून दुसऱ्याकडे राबणारा येतो. स्त्रिया तर निंदणीपासून कापूस वेचणीपर्यंत सर्वत्र आहेत. महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये शूद्र शेतकऱ्यांचा विचार करताना कुणबी, माळी आणि धनगर यांतला भेद कामाच्या आधारे समजावून सांगितला : केवळ शेती करणारे, शेतीबरोबर बागाईत करणारे आणि त्याबरोबर मेंढरे पाळणारे. ही व्याख्या कृतीतून आलेली, म्हणजे लक्षणाची आहे. इतिहासाच्या आधारे ती खोडता येईल, पण खोडता येते म्हणूनच ती लक्षणाची आहे.

शासकीय योजनांतला शेतकरी मुख्यतः सातबाऱ्यावर नाव असलेला. ‘शेत करणारा’ या अर्थाचा यौगिक शब्द ‘शेत नावावर असणारा’ या अर्थाने पारिभाषिक झाला. भारत सरकारच्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात भूमिहीन शेतमजूर, कुळे, बटईदार, पशुपालक, मच्छीमार या सर्वांचा समावेश शेतकरी या संज्ञेत केला होता. २०१९ मध्ये सुरू झालेल्या सन्माननिधीत मात्र जमीनधारक कुटुंब हीच अट राहिली. धोरण लिहिताना लक्षण आणि निधी वाटताना पात्रता, असा हा विभाग आहे.

या विभागाचे सर्वांत दुःखद रूप शेतकरी आत्महत्यांच्या नोंदीत दिसते. महाराष्ट्र शासनाच्या २००६ च्या निर्णयानुसार मृताच्या वारसांना १ लाख रुपयांची मदत देण्यात येऊ लागली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती जमीन, कर्ज आणि कर्जवसुलीचा तगादा यांची छाननी करून प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. मक्त्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. सावकाराने परवान्याशिवाय दिलेल्या कर्जाचा कागद नसतो. स्वतः शेती कसणाऱ्या स्त्रीच्या नावावर बहुधा जमीन नसते. गावाच्या दृष्टीने जो शेतकरी म्हणून जगला आणि मेला, तो कागदावर शेतकरी ठरत नाही. गावाला हे अव्याप्तीचे ढळढळीत उदाहरण वाटते. कारभाराच्या दृष्टीने दोषच नसतो, कारण त्याची व्याख्या आपल्याबाहेरच्या कोणत्याही व्यवहाराला उत्तरदायी नसते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पात्रतेच्या व्याख्या अनावश्यक आहेत, असे या विवेचनातून निष्पन्न होत नाही. मदत वाटावयाची तर कोठेतरी रेषा आखावी लागते आणि निश्चित रेषा नसेल तर बलवानांचेच फावते. ‘अनुसूचित जाती’ ही संज्ञा तर नखशिखांत पात्रतेची आहे : अनुसूचीत ज्यांची नावे आहेत त्या जाती. तिच्या निःसंदिग्धतेमुळेच ती हक्काचे साधन होऊ शकली. आक्षेप आहे तो पात्रतेची रेषा लक्षण म्हणून मिरवण्याला. कायदा स्वतः याबाबत अधिक सावध असतो. जमीन महसूल संहितेतील व्याख्यांच्या कलमाचा आरंभच, संदर्भावरून वेगळा अर्थ अपेक्षित नसेल तर, या अटीने होतो. ही नम्रता समीक्षेच्या व्याख्यांत क्वचितच आढळते.

५

समीक्षेतील ‘ग्रामीण साहित्य’ या संज्ञेची चर्चा आता पाहता येईल. आनंद यादव यांच्या १९७९ च्या ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या’ या ग्रंथाच्या आगेमागे या चर्चेला चळवळीचे रूप आले. ‘स्वरूप’ हा शब्दच लक्षणाची प्रतिज्ञा करतो. तथापि पुढील काळात चर्चा ज्या प्रश्नांभोवती फिरत राहिली ते पुढीलप्रमाणे होते : लेखक खेड्यात जन्मलेला असावा काय? निवेदन बोलीत असावे काय? विषय शेतीच असावा काय? छाननी समितीच्या नमुन्यातील रकान्यांशी या प्रश्नांचे असलेले साम्य योगायोगाचे नाही. हे प्रश्न प्रवेशाचे आहेत.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या रकान्यांत बसवू पाहिली तर अडचण येते. निवेदक गावाबाहेरून आलेला तरुण शिक्षक आहे. कादंबरीचे केंद्र शेती कमी आणि मेंढपाळी अधिक. तरीही ‘दुष्काळ’ या शब्दाचा अर्थ ज्याला शिकावयाचा असेल त्याने या कादंबरीचा शेवट वाचावा. तेथे दुष्काळ कोणी जाहीर करीत नाही. जित्राबे जातात, माणसे वाडी सोडतात, घरे ओस पडतात आणि वृद्धव्यवहार पाहणाऱ्या मुलाप्रमाणे वाचक त्या शब्दाचा अर्थ क्रमाक्रमाने ग्रहण करतो. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ मधील उच्चशिक्षित एकनाथ तानपुरे नोकरीअभावी शेतीत राहतो, तेव्हा ‘शेतकरी’ या शब्दाचा ‘करी’ हा अवयव त्याला आणि वाचकाला नव्याने भोगावा लागतो. मराठीत ‘पात्र’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, योग्य ठरलेला आणि कथेतील व्यक्ती. समितीसमोरचा पात्र आणि कादंबरीतले पात्र यांत अंतर हेच की दुसऱ्याला कोणताही दाखला जोडावा लागत नाही. व्यवहारातील अर्थ परिभाषेच्या दडपणाखाली बोलेनासा होतो तेव्हा तो जतन करण्याचे काम साहित्यकृती करते. ते तिचे ज्ञानात्मक कार्य आहे.

‘दलित’ या शब्दाचा इतिहासही याच भेदाने उलगडतो. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक व धर्माच्या नावाने शोषित सर्वांना या शब्दात सामावले. ती शोषण या धर्मावर आधारलेली लक्षणाची व्याख्या होती. अतिव्याप्तीचा आक्षेप तिच्यावर घेता आला आणि त्या आक्षेपातून विचार पुढे गेला. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोरील प्रकरणानंतर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना ‘दलित’ ऐवजी ‘अनुसूचित जाती’ ही संज्ञा वापरण्याचा सल्ला दिला. हे दोन शब्द परस्परांचे पर्याय आहेत, असे त्यामागचे गृहीत होते. एक शब्द चळवळीच्या, कवितेच्या, आत्मकथनांच्या व्यवहारातून अर्थ मिळवलेला आणि दुसरा सूचीतून. एकाच्या जागी दुसरा ठेवल्याने निर्देश बहुतांशी तोच राहील, अर्थ राहणार नाही.

रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) व्याख्यांपूर्वी संकल्पनांचे विश्लेषण करण्याची शिस्त मराठी समीक्षेत आणली. त्या शिस्तीत आणखी एका प्रश्नाची भर घालणे इष्ट ठरेल : समोर आलेली व्याख्या लक्षणाची आहे की पात्रतेची? ती लक्षणाची असेल तर कोणती साहित्यकृती पुढे आल्यास ती मागे घ्यावी लागेल, हे सांगण्याची जबाबदारी व्याख्याकारावर पडते. ती पात्रतेची असेल तर तिने काय वाटले जाणार आहे हे विचारले पाहिजे : अभ्यासक्रमातील जागा, पुरस्कार, संमेलनाचे व्यासपीठ, की केवळ प्रतिष्ठा? वाटपाचे प्रश्न गौण नाहीत आणि ते न्याय्य रीतीने सोडवले गेले पाहिजेत. पण ते वाटपाचे प्रश्न म्हणूनच मांडावे लागतील. स्वरूपाची चर्चा चालली आहे असे भासवून प्रवेशाचे नियम ठरवणारी समीक्षा कोणतीच चूक करू शकत नाही आणि जी चुकू शकत नाही ती साहित्यकृतीकडून काही शिकूही शकत नाही.